बावन्न पौंड

नेरूळला स्टेशनच्या मागच्या गल्लीत
झेरॉक्स आणि चक्कीच्या मधे
माझं दुकान. दीड माणूस उभा राहील एवढं.
पाटीवर पेंटरने लिहून ठेवलं होतं, रॅकेट विकतो.
क चा ण मीच केला, एका रात्री,
बायकोच्या नेलपॉलिशने.

हेमांगी घरतच्या तारा मी नऊ वर्षं ओढल्या.
उभ्या सोळा, आडव्या एकोणीस, बावन्न पौंड.
पेपरवाले तिला बावनकशी म्हणायचे,
मला उगाच वाटायचं
माझ्या मशीनचा काटा बघून लिहितायत.

दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा बाप यायचा,
स्कूटर चालूच ठेवून आत ओरडायचा,
'पोरीनं परत तोरली!'
लग्नघरातला माणूस श्रीखंड संपलं म्हणून सांगतो
तसं.
तार तुटलेली असायची एकाच जागी,
मधोमध, दोन बोटं वर.
मी सामने बघितले नाहीत कधी.
ते भोक बघायचो
आणि समोरच्या मुलीची कीव यायची.

करावे गावात तेव्हा तिचा फ्लेक्स होता,
सरपंचाच्या फोटोपेक्षा मोठा.
ज्या कोर्टावर ती खेळते
त्याच्या खाली आजोबांचं मिठागर होतं
असं बाप सांगतो.
खरं-खोटं सिडकोला ठाऊक.

मग दिवाळीनंतर ती हरली.
सांगलीच्या एका शाळकरी पोरीकडून,
दातांना तार लावलेल्या.
मग पुण्यात हरली. मग इथेच, घरच्या कोर्टावर,
पाऊण तासात.

चक्कीवाला म्हणाला, लग्न ठरलं असणार.
झेरॉक्सवाला म्हणाला, गुडघा.
कोच म्हणाले, पाय उशिरा पोचतायत.
आईने मीठ-मोहरी ओवाळली, चुलीत टाकली,
तडतडली म्हणे खूप.
मला एवढंच माहीत होतं
की स्कूटर आली नाही एकवीस दिवस.

बाविसाव्या दिवशी ती स्वतः आली.
हेल्मेट काढलं नाही.
तीन रॅकेट. तिन्हींच्या तारा शाबूत.
'काका, पन्नास करा.'
पुढच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस.
मग चोपन्न. मग म्हणाली, तुम्हीच ठरवा.

न तुटलेली तार कापायची मला सवय नव्हती.
आवाज वेगळा येतो तिचा,
कोंबडीवाल्याकडे मान वळवतो ना आपण, तसा.
कापण्याआधी दिव्याखाली धरून बघितली,
चेंडूची पिवळी लव सगळीकडे लागली होती,
कडेला, खाली, पार फ्रेमजवळ.
मधल्या जागेवर
काहीच नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिला माहीत नसेल का?

आणि एक गोष्ट कुणाला सांगत नाही,
धंद्याला बरी नाही म्हणून:
तार नुसती टांगून ठेवली तरी सैल पडते.
पहिल्या रात्रीतच चार-पाच पौंड जातात.
म्हणजे बावन्न कधी बावन्न नव्हतंच.
ती खेळायची तेव्हा तर नाहीच नाही.

परवा शनिवारी ती दुकानात वर बघत राहिली.
खिळ्याला तिचीच जुनी रॅकेट आहे,
राज्याच्या फायनलची,
जाहिरात म्हणून तुटकी तशीच ठेवलेली.
काढून द्या म्हणाली.
दिली.
धूळ पुसली नाही तिने. त्या भोकात बोट घातलं,
पेरापर्यंत, मग आणखी थोडं,
आणि विचारलं, 'हे मी केलेलं?'
मी म्हटलं, दुसऱ्या सेटला. वडील सांगत होते.

'बावन्न करा मग.'

केली. तिने नखाने छेडून कानाशी धरली,
पैसे दिले, सुट्टे घ्यायची विसरली.
तीस रुपये आहेत तिचे माझ्याकडे.

आज मंगळवार.
कॉलनीतली पोरं बॅडमिंटनच्या दोन देऊन गेलीत,
बाविसावर ओढायच्या आहेत, घाई नाही.
गल्लीत स्कूटर थांबली की माझी मान वर होते.
झेरॉक्सवाल्याचंच गिऱ्हाईक असतं,
आधार कार्ड, दोन्ही बाजू.